उघाडीच्या फळ्या

उघाडीच्या फळ्या काढायच्या असं धर्मानेच सांगितलं. सकाळी, चहाची बशी खाली ठेवून, कोणाकडेही न बघता. "आज अवस हाय. साडेबाराला भरती. पानी चढत आसंल तवाच काढू," एवढंच म्हणाला आणि डोक्याला फडकं गुंडाळून तळ्याकडे चालता झाला. मोकलांच्या घरात इतकी शांतता याआधी फक्त माणूस गेल्यावर झाली होती, आणि तेव्हाही तासाभरात कोणीतरी भांडण उकरून काढलंच होतं.

बांधाच्या पलीकडे खाडी, अलीकडे तळं आणि मध्ये सात लाकडी फळ्यांची ही उघाडी. पावसाळ्यात तळ्याचं जास्तीचं पाणी ओहोटीला खाडीत सोडून द्यायचं, एवढ्याचसाठी ती होती. खाडी आत घ्यायला नव्हे. सदाआजाने, म्हणजे धर्माच्या बापाने, सगळी भावकी कामाला जुंपून हा बांध घातला तेव्हा इथली जमीन मिठाने पांढरीफटक होती. पंधरा पावसाळ्यांनी ती माती धुऊन काढली, तेव्हा कुठे तळ्याचं पाणी तोंडात धरवू लागलं आणि शेजारची विहीरही गोडी झाली. लग्न होऊन आलेल्या प्रत्येक सुनेला हळद उतरायच्या आत या उघाडीपाशी आणायचे. देवघर नंतर, उघाडी आधी. सासू फळ्यांकडे बोट दाखवून सांगायची की घरातल्या सगळ्याला हात लाव, याला लावू नकोस.

धर्मा आता त्याच फळ्यांसमोर उभा होता. अठ्ठ्याहत्तर वर्षांत या बांधावरून तो किती वेळा चालला असेल याला गणती नाही, पण तळ्याकडे पाठ करून तो पहिल्यांदाच उभा राहिला होता. तिकडे बघवत नव्हतं. तीन इंजिनं आठ दिवस लावून तळं निम्म्याहून जास्त उपसलं होतं. काठाला जलपर्णीचे ढीग काढून टाकले होते, ते कुजून काळे पडले होते, आणि मधल्या पाण्यात उरलेली जलपर्णी निर्लज्जासारखी जांभळी फुलं घेऊन डोलत होती. उघड्या पडलेल्या चिखलाला भोकं होती. त्या भोकांतून मधूनच एखादं चपटं डोकं मिशांसकट वर यायचं, हवेचा घोट घ्यायचं आणि परत आत जायचं.

मांगूर. आपला शेतातला गावठी मांगूर नव्हे, सरकारने बंदी घातलेला तो परदेशी. या तळ्यात पिढ्यान्‌पिढ्या पाळलेला जिताडा मासा घाण पाण्यात तोंड वर काढून तडफडतो. हा हवेवर जगतो. पाणी उपसलं तर चिखलात शिरतो. जिताड्याची पिल्लं, बेडूक, स्वतःची अंडी, स्वतःची पोरं, काहीही खातो. आणि चाळीस दिवसांनी पाऊस आला की तळं भरणार, पाणी बांधावरून खालच्या शेतात उतरणार, आणि त्याबरोबर हा जाणार खालच्या सहा गावांच्या तळ्यांत. तिथे तळ्याचं पाणी माणसं पितात.

धर्माला चुन्याचा सल्ला मिळाला, औषधाचा मिळाला. चुना टाकून झाला. वरच्या पाण्यातले मेले, चिखलातले तसेच राहिले. मग त्याच्या एकट्याच्याच डोक्यात आलं, की हा मासा गोड्या पाण्याचा आहे. खाडीच्या पाण्यात टिकणार नाही. जिताडा मात्र खाऱ्यातही जगतो, तो मुळात खाडीचाच. हे सुचलं त्या दिवसापासून धर्मा नीट जेवला नव्हता. बापाने आयुष्यभर बाहेर ठेवलं ते पाणी आपल्या हाताने आत घ्यायचं होतं.

जनी, त्याची धाकटी बहीण, तेव्हा तोंडलीच्या मांडवाखाली होती. तिशी-पस्तिशीत नवरा गेला, सासरच्यांनी दार दाखवलं, तेव्हा धर्माने तिला तळ्याकाठची ही पट्टी नुसत्या शब्दावर दिली. कागद नाही, सही नाही. तिथे तिने मांडव घातला, त्यावर दोन पोरी उजवल्या. अलिबागच्या बाजारात 'मोकलांची तोंडली' म्हणून तिची पाटी खाली उतरायच्या आत संपायची. आज ती हाताला लागेल ते खुडत होती, बोटाच्या पेराएवढं कोवळंसुद्धा.

"आजी, एवढी बारीक कशाला काढतेस?" प्राप्तीने विचारलं. धर्माची नात, त्याच्या धाकट्या मुलाची, हितेशची, मुलगी. रत्नागिरीला मत्स्यशास्त्र शिकायला होती, आणि सुट्टीत घरी येऊन घरच्याच तळ्याचं प्रेत तपासत बसली होती.

"मंग कोनासाठी ठेवू? खारा पानी पिऊन ती मोठी व्हनार हायत का?"

प्राप्ती मांडवाच्या खांबाला टेकली. "मी आजोबांना सांगून थकले. चिखल माणसं लावून खणून काढू. वेळ लागेल, पण तळं वाचेल."

"पाऊस किती दिसांवर हाय?"

"चाळीस."

"आनि चिखल कवरा हाय?"

प्राप्तीने चिखलाकडे बघितलं. तिने मोजून बघितलं होतं. शंभर माणसं दिवाळीपर्यंत खणत बसली असती.

"मीठ एकदा या मातीत शिरलं ना आजी, की तीन-चार पावसाळ्यांत जात नाही. जास्तच लागतील. विहीर पण जाणार. तुला कळतंय ना?"

"मना नको शिकवू," जनी म्हणाली, पण रागाने नाही. "मी जलमले तवा हितं खाराच व्हता. मी सात वरसाची, डोकीवर हांडा घेऊन डोंगरापासच्या विहिरीवर जायचे. अर्धा हांडा वाटंवर सांडायचा नि आयस मना झोडायची." तिने पाटीतली तोंडली उगाचच खालवर केली. "तवा खारा होता तो देवानं दिल्याला. आता आपुन आपल्या हातान आनतोय."

"पप्पांमुळे," प्राप्ती एकदम म्हणाली. "एक फोन करायचा होता मला. 'प्राप्ती, हा मासा सोडू का?' एवढंच. जिताड्यांना चारा म्हणून टेम्पोवाल्याकडून ड्रम उचलला आणि ओतला तळ्यात. मी कॉलेजात याच माशावर प्रोजेक्ट करते, आजी. आणि माझ्या बापाचं नाव पंचनाम्यात."

जनीचा हात वेलातच थांबला. हिवाळ्यात मत्स्य खात्याची माणसं आली, 'कोणी सोडला' म्हणून विचारलं, आणि हितेश पुढे होऊन 'मी' म्हणाला, तेव्हापासून ही पोर बापाशी बोलत नव्हती. ताट वाढलं तर घ्यायची, हाक मारली तर उठून जायची. सुट्टीत जनीला हे रोज दिसत होतं आणि रोज ती नजर वळवायची. कारण जनीला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी खाडीतली बोयटं आणि कोळंबी आटली, जिताड्यांना टाकायला काही मिळेना. एका सकाळी ती याच मांडवाला पाणी सोडत होती, आणि तिच्या डोळ्यांदेखत तो निळा ड्रम तळ्यात पालथा झाला होता. ड्रमला हितेशचा हात नव्हता. तो बाजूला उभा राहून काहीतरी सांगत होता, आणि धर्मा त्याच्यावर खेकसत होता.

तिने त्या वेळी तोंड उघडायला हवं होतं, पंचनाम्याच्या वेळी तरी. पण ज्या भावाने रस्त्यावरून उचलून पट्टी दिली, त्याला साहेबांसमोर उघडं पाडायचं? जनीला स्वतःची लाज वाटली, आणि ती लाज तिने नेहमीसारखी गिळली.

"चल," ती म्हणाली, "परेश आलाय. गाडीचा हॉरन ऐकलास ना? तो यायच्या आधी त्याची गाडीच बोंबलते."

परेश, धर्माचा थोरला, उलव्याहून आला होता. पोर्टवर त्याच्या गाड्या चालत होत्या, आणि पांढऱ्या बुटांनी तो बांधावर उभा राहिला तेव्हा चिखल बघून आधी बूट वाचवायचे की बाप, असा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर सरळ दिसत होता. धर्मा उघाडीच्या दगडावर बसला होता. हितेश खाली पाण्याच्या काठाशी, हातात पहार घेऊन. जनी आणि प्राप्ती आल्या तशा परेशने सुरुवात केली.

"बाबा, मी सीधा बोलतो. हे भरतीबिरतीचं झंझट सोडा. भराव टाका. हायवेचा मुरूम पडलाय, माझे डंपर उभे आहेत. चार दिवसांत लेव्हल. मासा खलास, जलपर्णी खलास, टेन्शन खलास."

"आनि वरचा पानी कुटं जाईल?" हितेशने विचारलं.

"कुठलं वरचं?"

"तुझ्या बंगलेवाल्यांचा. माळ तू इकलास ना? त्यांच्या संडासाचे पाइप पऱ्याच्या ओढ्यान सोरलेन, पऱ्या तल्यान उतरतोय. ही जलपर्नी काय आभालातून परली? त्या घानीवर पोसली ती. जिताडे पयले त्यानीच मेले, दादूस. मांगूर मागून आला."

परेशच्या मानेची शीर उठली. त्याला हे माहीत नव्हतं असं नाही. बंगल्यांचे नकाशे त्यानेच पास करून आणले होते, पाइप कुठे निघतात ते त्याने त्या दिवशी विचारलं नव्हतं, आणि न विचारल्याचं त्याला अधूनमधून टोचायचं. टोचलं की त्याचा आवाज चढायचा. आत्ताही चढला.

"संडासाच्या पाण्याने मांगूर पैदा होतो काय रे? पंचनाम्यावर कोणाचं नाव आहे? हितेश धर्मा मोकल. माझं नाही. आख्ख्या खारेपाटात आपल्या तळ्याचा जिताडा म्हणजे मान होता. अलिबागचा वकील असो नाहीतर डॉक्टर, बाबांनी जिताडा पाठवला की उठून उभा राहायचा. तू दोन वर्षांत त्याचा उकिरडा केलास. आणि वर मला बोलतोस?"

"मी नाय बोललो काय. खरा तो सांगितला."

"खरं ऐकायचंय? बाबा, आज सगळ्यांसमोर सांगा. या तळ्याशी याचा संबंध संपला. याने परत इथे पाय ठेवायचा नाही. ज्याला मासा ओळखता येत नाही त्याने आगऱ्याच्या घरात जन्मच कशाला घेतला?"

शेवटचं वाक्य हितेशला लागलं नाही. लागलं ते दगडावर बसलेल्या म्हाताऱ्याला. धर्माने मान खाली घातली आणि पायाच्या अंगठ्याने माती उकरायला लागला. जनीने ते बघितलं. प्राप्तीकडे बघितलं, ती बापाकडे न बघता तळ्याकडे बघत उभी होती. हितेश पहारीवर दोन्ही हात टेकून शांत उभा होता, जणू दुसऱ्याच कोणाबद्दल चाललंय.

"दादूस," जनी धर्माला म्हणाली. "काय सांगायचाय का तुना?"

धर्मा वर बघेना.

"दादूस, हितेशला घराबाहेर काढतंय तुजा थोरला. काय बोलशील का?"

"फल्या काढायच्या," धर्मा म्हणाला. "दुसरा काय बोलायचा न्हाय. भरती थांबत न्हाय कोनासाठी."

जनीला वाटलं, आता आपण बोलावं. शब्द जिभेवर आले होते. तेवढ्यात हितेशने तिच्याकडे बघून मान हलवली, अगदी थोडी, फक्त तिलाच कळेल इतकी. नको, आत्या. तिने तोंड मिटलं, आणि हितेशचा तिला जितका राग आला तितका आयुष्यात कोणाचा आला नव्हता.

परेशने पवित्रा बदलला. तो जनीजवळ आला, आवाज मऊ केला. लहानपणी बापाचा मार चुकवायला तो असाच तिच्या पदराआड यायचा.

"आत्या, तू सांग ना यांना. तुझाच मांडव जळणार आहे. तुझी विहीर जाणार आहे. भराव टाकला तर निदान जमीन राहील. तुझ्या नावावर करून देतो मी. लिहून देतो. या दोघांनी पस्तीस वर्षांत लिहून दिलंय का कधी?"

हे खोटं नव्हतं. जनीला मोह झाला, हेही खोटं नाही. सात वर्षांची पोर डोक्यावर हंडा घेऊन परत त्या वाटेला लागलेली तिला दिसली; फक्त आता ती सत्तरीला टेकलेली होती. बांधावर सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. ज्या बाईचं कधी कोणी मत विचारलं नव्हतं, तिच्या मतावर आज येऊन अडलं होतं.

"भराव केलास तं तला मेला," ती शेवटी म्हणाली. "मंग त्याचा नाव पन उरनार न्हाय. खारा केलास तं धुवत धुवत कवातरी परत येल. मी नसंन तवा. पन येल." तिने पदराने तोंड पुसलं. "काढा फल्या. आनि परेश, तुजा कागद तुज्याकरं ठेव. मना आता खाऱ्या जमिनीचा कागद काय चाटायचाय?"

परेश गाडीशी जाऊन उभा राहिला, पण गेला नाही. थोड्या वेळाने त्याने बूट काढले.

पाणी चढत आलं होतं. खाडीच्या बाजूने उघाडीवर लाटा थपथप आपटत होत्या. हितेश कमरेपर्यंत पाण्यात उतरला. वरची फळी गेल्या पावसापासून फुगून खाचेत घट्ट बसली होती. पहार घालून तो झगडत होता, तेव्हा शेजारी कोणीतरी उतरल्याचा खळखळाट झाला. धर्मा. धोतर भिजून पायाला चिकटलेलं.

"बाबा, तुमी वर जा. परशाल."

"पयली मी काढतो. बापसानं घातली, मीच काढनार."

दोघांनी मिळून पहार दाबली. शेजारी बापाचे हात बघून हितेशला ड्रम ओतला तो दिवस आठवला. पेणच्या बाजूने येणाऱ्या टेम्पोतून त्यानेच ड्रम आणला होता, बापानेच सांगितलं म्हणून. ड्रमात हात घालून एक पिल्लू वर काढलं, मिशा बघितल्या, डोकं बघितलं आणि म्हणाला, बाबा, ही आपली मांगूर न्हाय वाटत. धर्मा म्हणाला होता, लहानपणी भाताच्या शेतात पायाखाली यायची ती, मना शिकवतंस? सत्तर वरसं मासली बघतोय मी. आणि ड्रम पालथा केला. सत्तर वर्षं बघितल्याचाच तो घोटाळा होता. कमी बघणाऱ्याने कोणाला तरी विचारलं असतं.

पंचनाम्याच्या दिवशी साहेब विचारत होता आणि बाप जमिनीकडे बघत होता. हितेशच्या तोंडून 'मी' निघून गेलं. तेव्हा त्याला ती फार मोठी गोष्ट वाटली नव्हती. म्हातारा माणूस आहे, आपण तरणे आहोत, सोसू. मग प्राप्ती रत्नागिरीहून आली, दारातूनच त्याच्याकडे एकदा बघितलं, आणि बोलायची थांबली. त्या दिवसापासून हितेशला एक रात्रही धड झोप नव्हती. पोरीला एवढं सांगावं असं शंभर वेळा वाटलं. पण पोरीचा आजा तिच्या नजरेतून उतरवून आपण चढायचं, हे त्याला जमेना.

"हितू," धर्मा हळूच म्हणाला. तोंड फळीकडेच. "मी..."

"राऊ द्या बाबा. जोर लावा."

फळी निघाली. खाडी आत आली.

आधी तिचा आवाज झाला. सातही फळ्या निघेपर्यंत पाणी बांधातून ओरडत तळ्यात शिरत होतं, करडं, गढूळ, फेसाळलेलं. प्राप्ती मीठ मोजायचं यंत्र घेऊन काठाने फिरत होती. आकडे चढत गेले तसं तिने बघायचं सोडून दिलं. कॉलेजात हे आकडे फळ्यावर लिहिताना तिला कधी रडू आलं नव्हतं.

तासाभरात मांगूर वर यायला लागले. चिखलातून, जलपर्णीखालून, काठाच्या भेगांतून. एक, मग दहा, मग मोजायची सोय राहिली नाही. हाताएवढे, मांडीएवढे, काळे, गुळगुळीत, एकमेकांच्या अंगावर चढत, मिशा हवेत उडवत. एवढे असतील असं कोणालाच वाटलं नव्हतं. पाण्याचा रंगच दिसेना. भावकीतले लोक जाळी आणि टोपल्या घेऊन आले होते. काही जण दोन टोपल्या भरून बाजूला जाऊन ओकले. घारी उतरल्या, त्यांनाही घाई करावी लागत नव्हती. परेश अनवाणी, पँट गुडघ्यापर्यंत वर करून, भावाच्या शेजारी टोपली ओढत होता. दोघे एकमेकांशी बोलत नव्हते, पण एकाच टोपलीचे दोन कान दोघांनी धरले होते.

ओहोटी लागायच्या आत फळ्या परत बसवल्या. चिखलातला शेवटचा मांगूर मरेपर्यंत खारं पाणी बाहेर जाऊ द्यायचं नव्हतं. धर्माने शेवटची फळी स्वतः ठोकली. मग तो काठावर उकिडवा बसला आणि वाट बघू लागला. जिताड्यांची. खाडीचं पाणी लागलं की जिताडा उसळतो, शेपटी आपटतो, त्याच्या बापाने त्याला दाखवलं होतं. सात-आठ तरी मोठे शिल्लक असतील असा त्याचा हिशेब होता. एक तर चार वर्षांचा, प्राप्तीएवढ्या वजनाचा नाही पण फार कमीही नाही, असं तो सगळ्यांना सांगायचा.

दोन वाजले. तीन वाजले. मेलेले मांगूर पोटं वर करून काठाला लागत गेले. मधलं पाणी मोकळं झालं, आणि त्या मोकळ्या पाण्यात काहीच हललं नाही.

"येल," धर्मा म्हणाला. "तो तलाशी रव्हतो. येल."

प्राप्ती त्याच्या शेजारी बसली. तिला ठाऊक होतं. गेल्या आठ दिवसांत एकही जिताडा इंजिनाच्या जाळीला लागला नव्हता, दिसला नव्हता, वाजला नव्हता. तिने तेव्हाच ओळखलं होतं आणि सांगितलं नव्हतं. "आजोबा," ती म्हणाली, "नाहीयेत ते."

"एक तरी."

"एकही नाही, आजोबा."

म्हाताऱ्याने ओंजळभर पाणी घेतलं, बघितलं आणि सोडून दिलं. मागे मांडवाकडून जनी पाटी डोक्यावर घेऊन येत होती. उद्याच्या बाजाराला शेवटची तोंडली. पाटावाटे खारं पाणी अजून मुळापर्यंत पोचलं नव्हतं, वेल हिरवेगार होते. ते तिला बघवत नव्हतं म्हणून ती निघून आली होती.

चारच्या सुमाराला बांधावर मोटारसायकल थांबली. धाकट्या पाड्याचा गणराज. खालच्या सहा गावांतलं पहिलं तळं त्यांचं. चाळिशीचा, साधा माणूस, त्यांच्या तळ्याची देखभाल गावाने त्याच्यावर सोपवलेली. हँडलला प्लास्टिकची पिशवी लटकत होती. त्याने तळ्याकडे बघितलं, मेलेल्या माशांच्या राशी बघितल्या आणि डोक्याची टोपी काढली.

"मोठा काम केलाव, काका," तो धर्माला म्हणाला. "आमच्यासाठी केलाव, आख्खा गाव बोलतोय. आपला तला घालवून. कोन करतो एवरा?" मग थोडा घुटमळला. "मी येक इचारायला आलतो. प्राप्तीताय हाय म्हनून."

त्याने पिशवी काढून जमिनीवर उलटी केली. आतून पडलेला मासा मातीत वळवळला. वीतभर, काळा, मिशांचा. घरून इथपर्यंत बिनपाण्याचा आला होता, तरी जिवंत होता.

"पोरं बोलली आपला मरल मासा हाय. मना नाय वाटला. गेल्या पावसापासून येखाददुसरा गावायचा. आज मुद्दाम जालं टाकला." गणराजने हात पँटला पुसले. "जालंच उचलंना, ताय."

प्राप्तीने गुडघ्यावर बसून मासा हातात धरला, डोकं बघितलं आणि खाली ठेवला. तिला काही सांगावं लागलं नाही. गेल्या पावसाळ्यातच तळं भरून वाहिलं होतं. परेश टोपलीचा कान सोडून खाली बसला. जनीने डोक्यावरची पाटी उतरवली नाही, तशीच उभी राहिली.

"कोनी सोरला असंल ओ असला?" गणराज म्हणाला. बोलल्यावर त्याला पंचनामा आठवला असावा, कारण तो हितेशकडे बघून ओशाळला. "म्हंजे, मी तसा न्हाय..."

"मी," धर्मा म्हणाला.

तो हाताला टेकून उठला. त्याला उठायला फार वेळ लागला, आणि कोणीच हात दिला नाही, कारण कोणाला सुचलंच नाही.

"हितेशनं न्हाय. मी सोरला. तो बोलत होता, आपला मासा न्हाय हा. मी ऐकला न्हाय. मंग साहेब आला तवा मना लाज वाटली नि त्याचा नाव जाऊ दिला." तो परेशकडे वळला. "घराबाहेर काढायचा तं मना काढ."

प्राप्ती बापाकडे बघत राहिली. हितेश नजर चुकवून हातातली टोपली बघत होता, जणू पकडला गेला होता. "पप्पा," ती म्हणाली. तो फक्त मान हलवत राहिला. जनीच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते बरं वाटल्याचं नव्हतं. सहा महिने जे ऐकायला तिचा जीव तुटत होता, ते ऐकूनही पायाखालची जमीन खारीच राहणार होती आणि धाकट्या पाड्याचं जाळं उचलत नव्हतं.

गणराजला हे सगळं नीट कळलं नाही. मोकलांच्या घरात कोण कोणाशी कधीपासून बोलत नाही, याच्याशी त्याला काय करायचं होतं. तो तळ्यातल्या करड्या पाण्याकडे बघत होता आणि हळूहळू त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत होता.

"मंग आता आमाला पन ह्योच करावा लागंल?" त्याने विचारलं. "खारा पानी घ्यावा लागंल आमच्या तल्यान?"

धर्माने मातीतल्या त्या माशाकडे बघितलं.

"पन आमी तं त्योच पानी पितंव, काका."